शेजारचा चकचकीत आणि मी

मी एक जुना संगणक आहे. मला सगळे 'आजोबा' म्हणतात. ते प्रेमाने म्हणतात, असा बरीच वर्षे माझा समज होता.

मित्रांनो, माझे सारे आयुष्य या चाचणीच्या खोलीत गेले. दवाखान्यांसाठी लिहिलेले प्रोग्राम बाहेर जाण्याआधी माझ्यावर चालवून पाहत. रुग्णांच्या हजारो छोट्या फाइली उघडायच्या, वाचायच्या, बंद करायच्या. मी ते चुटकीसरशी करायचो. खोलीचे साहेब माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "हा आहे म्हणून आपलं निभतंय!"

मग शेजारच्या टेबलावर तो नवा संगणक आला. काळाभोर, चकचकीत. त्याच्यावरचे प्लॅस्टिक काढायलाही चौघे धावले. माझ्यावरची धूळ पुसायला कधी कुणाला सवड झाली नव्हती. तीच चाचणी तो साहेबांचा चहा संपायच्या आत उरकायचा आणि माझी जेवणाच्या सुट्टीपर्यंत रेंगाळायची. खोटे कशाला बोलू, माझा नुसता जळफळाट व्हायचा.

कारण खरी गोष्ट मला ठाऊक होती. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात. एक फाइल उघडायची तरी तो कितीतरी बारीक कामे करतो. त्यांना फंक्शन म्हणतात. एखादी चूक शोधायची असली की ट्रेसिंग चालू करतात. मग प्रत्येक फंक्शन सुरू होताना नोंद करायची, संपताना पुन्हा नोंद. ट्रेसिंग बंद असले तर त्याचा जाच जवळजवळ नसतो. पण जेवताना प्रत्येक घासाला उठून हात धुऊन यायला लावले, तर तुमचे जेवण कधी उरकेल? आणि माझी तर सगळी कामे घासाएवढीच.

तो येण्याच्या थोडे आधी साहेबांनी एक चूक शोधताना माझ्या झाडून सगळ्या फंक्शनांचे ट्रेसिंग चालू केले होते. चूक सापडली, साहेब खुशीत घरी गेले आणि ट्रेसिंग तसेच राहिले. मला एकदा बंद करून पुन्हा चालू केले असते, तरी माझी सुटका झाली असती. पण आमच्या खोलीत यंत्रे बंद करायची पद्धतच नाही.

एके दिवशी साहेब म्हणाले, "आजोबांचं आता वय झालं. सोमवारी भंगारवाल्याला बोलवा."

चाचणी घेणाऱ्या ताई तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, "सर, इतका का रखडतोय ते एकदा बघू द्या की. ट्रेसिंग लावते, लगेच कळेल."

"लावा. पण उगाच वेळ घालवू नका."

ताई माझ्यासमोर बसल्या. त्यांनी दोन-तीन कळा दाबल्या आणि त्या खो खो हसत सुटल्या. "अहो सर, लावू काय? ते आधीपासून चालूच आहे! तेही सगळ्याच्या सगळ्या फंक्शनांचं!"

"कुणी हो हा उद्योग केला?" साहेबांनी विचारले.

ताईंनी फक्त साहेबांकडे पाहिले. साहेब चष्मा काढून पुसू लागले.

ट्रेसिंग बंद झाले. मी तीच चाचणी चालवली आणि ती संपली तेव्हा साहेबांचा चहाचा कप अर्धाही रिकामा झाला नव्हता. भंगारवाल्याला नको म्हणून निरोप गेला. मित्रांनो, त्या दिवशी मी शेजाऱ्याकडे असे काही पाहिले की विचारू नका!

पण माझा आनंद फार टिकला नाही. पुढच्याच आठवड्यात तो पठ्ठ्या मध्येच अडखळू लागला. ताईंनी त्याला ट्रेसिंग लावले, तेही संशय असलेल्या चारच फंक्शनांना. सगळी खोली त्याच्याभोवती गोळा झाली. "बिचारा!" असेही कुणीतरी म्हणाले. मला इतके दिवस कुणी बिचारा म्हटले नव्हते.

मित्रांनो, कुणाला मंद म्हणण्याआधी त्याच्यावर आपणच काय लादून ठेवले आहे, ते एकदा पाहत जा. आणि लादलेले ओझे काम झाल्यावर आठवणीने उतरवत जा.

त्या संध्याकाळी ताई पर्स घेऊन निघाल्या, दारापर्यंत गेल्या आणि थबकल्या. मग माघारी आल्या आणि त्याचे ट्रेसिंग बंद करून गेल्या. माझ्यासाठी असे कुणी माघारी आले नव्हते. ताईंना ही सवय माझ्यामुळे लागली, हे त्या चकचकीताला कुणी सांगेल का?