बरी झालेली फरशी

मित्रांनो, सिंकसमोरची, एका कोपऱ्याचा टवका उडालेली ती करडी फरशी म्हणजे मी. वयाने जुनी, आणि परवापरवापर्यंत या घरात सगळ्यात बदनाम.

भट्टीतून निघाले तेव्हा मी अगदी सपाट आणि टणक होते. खोट बसवण्यात राहिली. मिस्त्रीला संध्याकाळच्या आत काम उरकायचं होतं. माझ्याखाली सगळीकडे सिमेंट-वाळूचा माल पसरायचा सोडून त्याने कोपऱ्यांवर आणि मधोमध सिमेंटचे गोळे ठेवले, मला वरून चेपलं आणि तो पुढे सरकला. वरून मी सुरेख दिसत होते. खाली मात्र गोळ्यांच्या मधे नुसती हवा होती.

या घरात मावशी एकट्या राहतात. त्या निवृत्त नर्स आहेत. भांडी घासताना त्या माझ्यावरच उभ्या राहायच्या. पाऊल पडलं की मी केसभर दबायचे, उचललं की वर यायचे. एवढ्याशा हालचालीनेही कडेच्या सांध्यातलं पांढरं सिमेंट तडकायचं आणि त्याचे कण केरात निघायचे. मग त्यांचा भाचा यायचा.

"दहा मिनिटांचं काम आहे, मावशी," म्हणत तो सांधा भरायचा. मावशी चहा टाकायच्या. दहा मिनिटांचे दोन तास व्हायचे. काही आठवड्यांनी पुन्हा तीच भेग आणि तोच चहा.

शेवटी तो कंटाळला. "हिच्यावर पायच देऊ नकोस," म्हणाला. मावशी बाजूला उभ्या राहून, कंबर वाकडी करून भांडी घासू लागल्या. माझ्यावर कुणाचंच पाऊल पडेना. फरशीला एकटं वाटायला आणखी काय लागतं?

मग एके दिवशी तो हातोडी घेऊन आला. "फोडूनच टाकतो. हा रंग आता मिळत नाही, लाल बसवू."

"थांब रे." मावशी गुडघे धरत खाली बसल्या. त्यांनी शेजारच्या फरशीवर बोटाने टकटक केलं, मग माझ्यावर. "ऐक. ही पोकळ वाजतेय. डॉक्टर छातीवर बोटं वाजवायचे, ते जन्मभर शेजारी उभं राहून ऐकलंय मी. दुखणं आत, आणि तू आपला वरून पट्ट्या चिकटवतोयस!"

"मग काय, ॲडमिट करायची हिला?"

"कर. आणि रात्रपाळी तुझी."

त्याने सांधे खरवडून मला हळूहळू उचललं. टवका उडाला तो तेव्हाच. जुने गोळे काढले, खाली सगळीकडे माल पसरला आणि मला नीट बसवलं. सुकेपर्यंत मावशींनी माझ्याभोवती खुर्च्या मांडून पहारा ठेवला. मग एका सकाळी त्या दोन्ही पावलं टेकून माझ्यावर उभ्या राहिल्या. मी जराही हलले नाही. सांधा अजून अखंड आहे.

भाचा त्यानंतर आलेला नाही.

काल भांडी आवरल्यावर मावशी खाली बसल्या आणि त्यांनी माझ्यावर टकटक केलं. भरीव आवाज आला. "बरी झालीस," त्या म्हणाल्या. मग दाराकडे बघत म्हणाल्या, "आता तो कशाच्या निमित्ताने येणार गं?"

मित्रांनो, भेग दिसली तर ती वरून लिंपू नका, खाली काय आहे ते बघा. आणि कुणाच्या घरी जायला काही तडकायची वाट पाहू नका. आमच्या दारावरची बेल अजून छान वाजते. मी रोज तिकडेच कान लावून असते.