पुढचे दात

डॉक्टरीणबाईंनी आमच्या ह्यांना मोठा आ करायला लावला, बारका आरसा आत घालून पाहिलं आणि म्हणाल्या, "ब्रिज बसवता येईल. पण बाजूचे दोन दात घासून बारीक करावे लागतील."

"चांगले दात?" मी विचारलं.

"हो, चांगलेच लागतात. त्यांच्यावर टोप्या बसवायच्या आणि मधले दोन खोटे दात त्या टोप्यांना जोडलेले. होळकर पुलावरून आलात ना? पुलाला दोन्ही काठ भक्कम हवेत की नको?"

माझं डोकंच फिरलं. दोन गेले म्हणून आणखी दोन धडधाकट दात घासायचे, हा कुठला न्याय? मी तोंड उघडणार तेवढ्यात ह्यांनी खुर्चीतूनच, आ केलेलाच ठेवून, मान हलवली. हो म्हणून. माणूस घरात साधी भाजी कोणती करू विचारलं तरी बोलायचा नाही, आणि इथे लगेच होकार!

पण ह्यांची तरी काय चूक? कारभारी मास्तरांच्या बँडमध्ये हे पहिलं क्लॅरिनेट वाजवायचे. पंचवटीत मास्तरांचा गाळा होता, आणि नाशिकपासून पार पेठपर्यंत कुठेही लग्न असलं की 'गोरक्ष येणार ना?' असं विचारूनच लोक मास्तरांना सुपारी द्यायचे. गेल्या वैशाखात एका वरातीत नवरदेवाचा मामा नाचता नाचता उलटा मागे आला आणि त्याचं कोपर थेट क्लॅरिनेटवर बसलं. वाद्याचं टोक ह्यांच्या तोंडात होतं. वरचा पुढचा एक दात जागीच पडला, दुसरा इतका हलायला लागला की काढावाच लागला. मामा पुढे नाचत गेला.

क्लॅरिनेट ओठांवर वाजतं असं लोकांना वाटतं. पण वरचे पुढचे दात वाद्यावर टेकवून धरावे लागतात, तेव्हा कुठे सूर स्थिर राहतो. आधी तारेची कवळी करून पाहिली. जोरात फुंक मारली की ती टाळूपासून सुटायची आणि सूर फाटायचा. मग मास्तरांनी ह्यांच्या हातात खुळखुळा दिला. पहिल्या क्लॅरिनेटवाल्याच्या हातात खुळखुळा! घरी आल्यावर हे गणवेश खुंटीला लावायचे आणि भिंतीकडे बघत बसायचे. मला त्या भिंतीचाच राग यायला लागला होता.

मास्तरांनी सटाण्याकडचा मंगळू नावाचा वादक आणून ठेवला होता. "दात नवीन बसवतो म्हणतोस, बसव," ते ह्यांना म्हणाले. "पण नकली दातांनी असली सूर निघत नाय, गोरक्ष. तुळशीच्या लग्नाला बघू, फेटा कुणाला बांधायचा ते."

म्हणजे काय, ते सांगते. लग्नसराई तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते. आमच्या बँडची रीत अशी, की त्या दिवशी गाळ्याच्या दारात तुळशीचं लग्न लावायचं. उसाचा मांडव असतो. मंगलाष्टकं झाली की मांडवातला एक ऊस काढून मास्तर त्याचं कांडं तोडतात. ते कांडं पहिल्या क्लॅरिनेटवाल्याने पुढच्या दातांनी सोलायचं, पहिला घास मास्तरांना द्यायचा आणि हंगामातली पहिली चाल वाजवायची. मग मास्तर त्याला तुऱ्याचा लाल फेटा बांधतात. पुढच्या दातांनी ऊस सोलला की फुंक सबंध हंगाम टिकते, असा त्यांचा ठाम समज.

ब्रिज मुंबईहून बनून आला तो दिवाळीच्या तोंडावर. डॉक्टरीणबाईंनी क्लॅरिनेट घेऊनच बोलावलं होतं. दात बसवले आणि म्हणाल्या, "वाजवा." गंगापूर रोडवरच्या त्या दवाखान्यात, बाहेर गाल धरून बसलेले पेशंट असताना, हे वाजवायला लागले. सूर असा सरळ निघाला की मला रडूच फुटलं. घासलेल्या दातांबद्दलचा माझा राग तिथेच गेला.

"सध्या कच्च्या सिमेंटवर बसवलाय," बाई म्हणाल्या. "ओठाला, फुंकेला सवय होऊ दे. उंची कमीजास्त वाटली तर काढता यायला हवा. मी दिवाळीला गावी चाललेय. तुळशीचं लग्न झालं की दवाखाना उघडेन, तेव्हा पक्कं करू."

"तवर वाजवताना निघायचा नाय ना?" ह्यांनी विचारलं.

"वाजवताना नाही निघणार. तुमचं वाद्य दातांना खालून वर दाबतं, उलट बसवूनच ठेवतं. खाली ओढलं तर निघेल. चकली नको, कडक लाडू नको. आणि ऊस तर अजिबात नको."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिथेच रीत सांगून टाकली असती तर बाईंनी काही तोड काढली असती. पण नको म्हटल्यावर नको, डॉक्टरांना उलट काय विचारायचं, असा आमचा दोघांचाही स्वभाव.

ती दिवाळी मी कशी काढली, माझं मला माहीत. चकल्यांचा डबा माळ्यावर ठेवला. ह्यांचा लाडू दुधात भिजवून द्यायची. घास तोंडात गेला की माझे डोळे ह्यांच्या जबड्यावर. हे शिंकले तरी मी आधी खाली दात पडलेत का बघायची.

"मास्तरांना सांगून टाका ना," मी म्हणाले. "म्हणावं, ऊस पुढच्या वर्षी."

"सांगितलं की संपलं. ते म्हणतील, बघ, नकली ते नकलीच."

"मग काय करणार?"

"सोलीन हळूच."

"हळूच ऊस सोलतात का कधी?"

ह्यावर हे भिंतीकडे बघायला लागले. शेवटी मीच एक युक्ती काढली. तुकडे करायला मीच कोयता घ्यायचा आणि कांड्याच्या टोकाला आधीच चीर देऊन ठेवायची, म्हणजे ह्यांनी साल दातांत नुसती धरल्यासारखी करायची आणि हाताने ओढायची. ह्यांना ते पटलं. मला त्या रात्री जरा झोप लागली.

तुळशीच्या लग्नाला संध्याकाळी सगळा बँड गणवेशात गाळ्यासमोर जमला. बायका तुळशीभोवती, आवळे-चिंचांची ताटं, मंगलाष्टकं, अक्षता, सगळं यथासांग झालं. मंगळू नवी काळी टोपी घालून, क्लॅरिनेट काखेत धरून उभा होता. त्याचे दात पांढरेशुभ्र आणि सगळेच्या सगळे जागेवर. त्या बिचाऱ्याने आमचं काही बिघडवलं नव्हतं, पण त्याचे दात मला बघवत नव्हते.

मी पदर खोचून पुढे झाले. "मास्तर, आणा कोयता. मी करते तुकडे."

"तू कशाला? हे काम माझं," मास्तर म्हणाले आणि त्यांनी स्वतःच कांडं तोडलं. चांगलं जाडजूड, टणक सालीचं. चीर राहिली ती राहिलीच.

ह्यांनी कांडं घेतलं आणि तोंडाच्या कडेला, दाढांकडे नेलं.

"कडेनं नाय!" ढोलवाला रंगनाथ ओरडला. "फुडच्या दातानं, गोरक्षभाऊ!"

सगळे हसले. मंगळू म्हणाला, "दादा, घाबरू नका, ऊस गोड शे." तेही सरळ मनानेच म्हणाला असेल, पण मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने मान खाली घातली.

ह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी नको नको म्हणून मान हलवत होते. ह्यांनी डोळे मिटले, पुढचे दात सालीत रोवले आणि झटका दिला. साल करकरत निघाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ह्यांनी घास तोडून मास्तरांच्या हातावर ठेवला आणि ओठ घट्ट मिटून हसले.

ते हसणं बघताच मी काय ते समजले. वरचा ओठ पुढे आला होता आणि जीभ आतून काहीतरी धरून बसली होती. दात सुटले होते. आता हे तोंड उघडणार, आणि सगळ्या बँडसमोर, त्या मंगळूसमोर, दोन खोटे आणि दोन टोप्या, चारही दात मांडवात पडणार. उद्यापासून पुन्हा खुळखुळा. मी गाळ्याच्या खांबाला टेकले.

"वाजव," मास्तर म्हणाले.

ह्यांनी मान वळवून, हाताचा आडोसा करून क्लॅरिनेट तोंडात घेतलं. अंगठ्याने वाद्य खालून वर रेटलं. तेव्हा मला डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवलं. वाद्य दातांना वर दाबतं. वाजवतील तोवर दात जागेवर राहतील. आणि थांबल्यावर?

पहिली चाल झाली. सूर दवाखान्यातल्यासारखाच सरळ. मास्तरांनी हात वर करून बस अशी खूण केली. हे थांबले नाहीत. वाद्य तोंडातच ठेवून नाकाने श्वास घेतला आणि सिनेमातलं एक गाणं धरलं. लोकांना वाटलं, रंगात आलाय. रंगनाथने ढोल उचलला. ते गाणं संपलं तसं दुसरं. ह्यांच्या कपाळावरून घाम गळत होता, मानेच्या शिरा फुगल्या होत्या. असं ह्यांना वाजवताना मी कधीच ऐकलं नव्हतं, पण एक सूरही मला गोड लागला नाही. माझं सगळं लक्ष त्या ओठाकडे.

मास्तर डोळे मिटून ऐकत होते. मग डोळे उघडून ते ह्यांच्या अगदी जवळ गेले आणि तोंडाकडे निरखून बघत राहिले. पार वाद्याच्या टोकाला नाक लागेल इतके जवळ. मी मनात म्हटलं, संपलं.

मास्तर आत गेले, लाल फेटा घेऊन आले आणि हे वाजवत असतानाच तो ह्यांच्या डोक्याला बांधायला लागले. तुरा नीट केला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गोरक्ष, आता थांबायचं नाय. वाजवत वाजवत घरापर्यंत जायचं. हंगामाची पहिली वरात तुझीच. चला रे, ढोल घ्या! मंगळू, तू दुसरं क्लॅरिनेट धर त्याच्या मागं."

मी तिथेच उभी. काय झालं ते मला कळेना. मास्तर माझ्याजवळून जाताना थांबले आणि हळूच म्हणाले, "मैना, हातरुमाल हाय ना जवळ?"

 मी नुसती मान हलवली.

"मग त्याच्या बाजूनं चाल. दारात पोचला की धर. आन पुढल्या साली ऊस कोयत्यानं सोलू."

मी रुमाल मुठीत धरून ह्यांच्या उजव्या बाजूने चालायला लागले. गल्लीतले लोक दारात येऊन विचारत होते, "कुणाची वरात?" मी म्हणत होते, "आमचीच!" आणि ह्यांच्या ओठावरून नजर काढत नव्हते. शेवटच्या वळणावर ह्यांचा श्वास तुटायला लागला, तेव्हा मागून मंगळूने आपला सूर मोठा केला आणि ह्यांच्या सुराला सांभाळून घेतलं.

आमच्या दारात हे थांबले. मी पुढे होऊन, लोकांकडे पाठ करून, ह्यांच्या हनुवटीखाली रुमाल धरला. वाद्य बाजूला झालं आणि चारही दात माझ्या हातात पडले.