चालण्याच्या स्पर्धेत पहिली आलेली खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो. जुनी म्हटल्यावर लाकडी, नक्षीची, वेताने विणलेली असं काही डोळ्यांसमोर आणू नका. मी कचेरीतली फिरती खुर्ची. मला दोन हात आहेत, पाठ मागे कलते, आणि पूर्वी पाच चाकंही होती. कारखान्यात एका बाईंनी मला जोडलं. जोडून झाल्यावर त्यांनी मला एक धक्का दिला, मी सुळकन भिंतीपर्यंत गेले आणि त्या म्हणाल्या, "ही पळणार!" माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. ते अजून माझ्या डोक्यातून उतरलेलं नाही.

दुकानात काही दिवस प्लॅस्टिकच्या पिशवीत गुदमरून काढल्यावर माझी नेमणूक शहर बससेवेच्या आगारात झाली. तिथल्या नियंत्रण कक्षात एक गृहस्थ बसत. कोणती बस कधी सुटणार, ती कोण चालवणार, कोणी अचानक रजा टाकली तर त्याच्या जागी कोण, हे सगळं तेच ठरवत. एखादी बस मिनिटभर जरी उशिरा सुटली तरी त्यांना चहा गोड लागत नसे. म्हणून सगळं आगार त्यांना घड्याळकाका म्हणे.

काकांची खोली लांबट होती. एका टोकाला फोन, दुसऱ्या टोकाला भिंतभर वेळापत्रकाचा फळा आणि मध्ये पटांगणाकडे उघडणारी खिडकी. फोन वाजायचा, "काका, माझी गाडी पंक्चर झालीय!" काका पायाने जमिनीला रेटा देत आणि मी फळ्यापाशी हजर. फळ्यावर दुसरी गाडी लावली की पुन्हा रेटा, मी खिडकीशी. खिडकीतून कोणावर तरी ओरडून झालं की पुन्हा फोन. फरशीवर माझ्या चाकांच्या वाटा पडल्या होत्या. सगळ्या शहराला हलवणारा हा माणूस स्वतः मात्र दिवसभर माझ्यावरून हलत नसे. डबा माझ्यावर, चहा माझ्यावर, चहाबरोबर बिस्किटांचा पुडा माझ्यावर आणि बिस्किटांचा चुरा माझ्या सांध्यांत. काही वर्षांनी मी बसल्या बसल्या खाली खचू लागले, तेव्हा काका म्हणाले, "हल्लीच्या वस्तूंत दमच नाही." वस्तू तीच होती, मित्रांनो. वजन तेवढं तेच राहिलं नव्हतं. पण खुर्चीने बोलायचं कसं?

एकदा सगळ्यांच्या तपासणीसाठी आगारात एक डॉक्टरबाई आल्या. काकांचा रक्तदाब पाहून त्यांनी यंत्र बिघडलं की काय म्हणून दुसऱ्या यंत्राने पुन्हा पाहिला. मग साखर पाहिली.

"काका, चालायला लागा," त्या म्हणाल्या. "आत्ता चाललात तर चालण्यावर निभावेल. नाही तर पुढच्या वर्षी आपली भेट इथे होणार नाही, दवाखान्यात होईल."

"अहो, मला मान वर करायला फुरसत नाही. चालू कधी?"

"ते तुम्ही ठरवा. वेळापत्रक तुम्हीच बनवता ना?"

काकांचा चेहरा एवढासा झाला. घरी काकूंना कळलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्या त्यांना पहाटे उठवून फिरायला नेऊ लागल्या. "झोपेचं खोबरं करते ही बाई," असं काका येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. पण खरं सांगते, तेव्हा त्यांचा श्वास जरा हलका झाला होता. माझ्या पाठीला तो रोज जाणवायचा.

इतक्यात आगारप्रमुख मॅडमना एक कल्पना सुचली. सगळ्यांचं आरोग्य सुधारावं म्हणून त्यांनी प्रत्येकाला पावलं मोजणारा पट्टा वाटला आणि महिनाभराची चालण्याची स्पर्धा लावली. सगळ्यांनी पट्टा मनगटाला बांधला. काकांनी मात्र तो घोट्याला बांधला. मनगटाला घाम येतो, लिहिताना टेबलावर घासतो आणि पावलं पायच टाकतो, मग पट्टा हाताला कशाला, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

आता पुढे काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. काकांनी पायाने रेटा दिला की पट्टा म्हणे, एक पाऊल. फोन ते फळा, फळा ते खिडकी, पावलंच पावलं! दुपारच्या आतच तो पट्टा टिंग टिंग करून काकांचं अभिनंदन करू लागे. दिवसभर पटांगणात उन्हातान्हात पायपीट करणारे वर्कशॉपचे मिस्त्री मागे पडले आणि महिन्याअखेर घड्याळकाका पहिले आले. मॅडमनी टाळ्यांच्या गजरात त्यांना कप दिला. काकांनी तो माझ्यावर बसूनच घेतला. त्यांच्या मनात लबाडी नव्हती. "यंत्र कशाला खोटं बोलेल?" असं ते स्वतःच नवल करत म्हणत होते.

ती पावलं माझी होती, मित्रांनो! पहिले दोन दिवस मी हवेतच होते. खुर्चीच्या जातीत आजवर कोणी चालण्यात कप मिळवला असेल असं मला वाटत नाही. पण तिसऱ्या दिवशी काका फोनवर कोणाला तरी आनंदाने सांगत होते, "अरे, ते पहाटेचं फिरणं सुटलं एकदाचं. ही म्हणाली, दिवसभर एवढे चालता, आणखी दमू नका. बिस्किटंही परत डब्यात यायला लागली!" ते ऐकून माझी सगळी हौस फिटली. त्यांचा श्वास पुन्हा जड होऊ लागला. बुटाची नाडी बांधायला वाकले तरी त्यांना धाप लागे. मी करकरून पाहिलं, खचून पाहिलं, एकदा जागीच अडूनही पाहिलं. त्यांनी माझ्या चाकांत तेल घातलं.

मग तो दिवस आला. गर्दीची वेळ होती. वर्कशॉपमधून मिस्त्रींचा फोन आला, "काका, ती दुरुस्तीची गाडी कोणी बाहेर काढली? तिच्या ब्रेकचं काम अर्धवट आहे!" काकांनी खिडकीतून पाहिलं. गाडी फाटकाशी उभी आणि माणसं चढत होती. फाटकावरचा फोन बंद. चालकाला फोन लावावा, तर ड्यूटीवर मोबाइल पेटीत ठेवायचा हा काकांचाच नियम! काका उठले आणि धावत सुटले. धावत म्हणजे त्यांना जमेल तसे.

मी खिडकीशीच होते, त्यामुळे सगळं पाहिलं. पटांगणाच्या मध्यावर पाण्याचा नळ आहे. काका तिथवर पोचले आणि नळाला धरून उभे राहिले. हात वर केला, तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. माझ्या तर पाचावर धारण बसली. नशीब, मिस्त्री मागून पळत आले, काकांना ओलांडून गेले आणि फाटकाशी बस अडवली. उतारू सुखरूप उतरले. काका मात्र नळापाशीच खाली बसले, चेहरा पांढराफटक.

त्यांना उभं राहता येईना. तेव्हा मला नेण्यात आलं. चालण्याच्या स्पर्धेतला पहिला नंबर साऱ्या चालक-वाहकांच्या देखत चाकांवर बसून परत आला. कोणीही हसलं नाही, मित्रांनो, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

डॉक्टरबाई येऊन तपासून गेल्या. धोका टळला होता, पण थोडक्यात. मॅडमनी काकूंना बोलावून घेतलं.

"अहो, कप मिळाला ना चालण्याचा?" काकू म्हणाल्या. "मग नळापर्यंतच कसे पोचलात?"

"काय माहीत गं. आज दुपारपर्यंत तर भरपूर चाललोय. हे बघ." काकांनी पँटचा पायचा वर केला.

"हे पायाला का बांधलंय?"

काका उत्तर देणार तोच फोन वाजला. सवयच ती. काकांनी रेटा दिला, मी खोली पार केली आणि पट्टा टिंग टिंग करू लागला.

काकू वाकून पट्ट्यावरचा आकडा पाहू लागल्या. "आता फळ्याकडे जा बघू," त्या म्हणाल्या. गेलो. "आता परत या." आलो. काकूंनी कपाळाला हात लावला. "मॅडम, तुम्ही कप खुर्चीला दिलात!"

मॅडमना हसू फुटलं, पण काकूंच्या डोळ्यांत पाणी पाहून त्या थांबल्या. "मीच यांना फिरायला न्यायचं बंद केलं," काकू म्हणाल्या. "म्हटलं, दमून येतात बिचारे. आज काही झालं असतं तर?"

"अगं, पण मी काय करू?" काका अगतिक होऊन म्हणाले. "मला वेळच नसतो. माझ्यासाठी बस थांबतात का?"

"बस तपासणीसाठी उभी करता की नाही? तिचं तेलपाणी फळ्यावर लिहिता की नाही? मग तुम्ही काय बसपेक्षा वाईट आहात?"

काकांनी फळ्याकडे पाहिलं. मग उठले, चालत गेले आणि सगळ्या गाड्यांच्या खाली त्यांनी एक नवी ओळ लिहिली. गाडी: काका. मार्ग: कक्ष ते फाटक, फाटक ते वर्कशॉप, वर्कशॉप ते कक्ष. सकाळची गर्दी ओसरली की एक फेरी, जेवणानंतर एक, संध्याकाळच्या गर्दीआधी एक. तेवढा वेळ फोन मॅडमनी घ्यायचे. आणि मिस्त्रींनी त्याच दिवशी माझी पाचही चाकं उपटून काढली. कप मिळवलेल्या खेळाडूचे पाय काढून घ्यावेत तसं मला झालं. मी दोन दिवस कोणाशी करकरलेदेखील नाही.

पण काकांची गाडी सुरू झाली, ती बंद पडली नाही. कशी पडेल? फळ्यावर लिहिलेली गाडी चुकवणं त्यांच्या रक्तातच नाही. एखाद्या दिवशी फोनमुळे उशीर झाला, तर चालक पटांगणातून ओरडतात, "काका, तुमची गाडी लेट!" काका लाल होतात आणि तरातरा निघतात. पहाटेचं फिरणंही पुन्हा सुरू झालंय. कुरकुर तेवढी तशीच आहे.

गेल्या महिन्यात डॉक्टरबाई पुन्हा आल्या. काकांची भेट इथेच झाली, आगारात. त्यांनी यंत्राकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि हसून पुढच्या माणसाला बोलावलं. मला मात्र यंत्राची गरज नव्हती. परवा दुपारी काका माझ्यावर टेकले होते. तिकडच्या टोकाला फोन वाजला आणि ते माझ्या हातांवर भार न देता, धाप न लागता, सहज उठून गेले. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! एरवी आमच्यासारख्या वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला पुसा, तेल घाला, अडगळीत टाकू नका. माझं तसं काही मागणं नाही. मला खुशाल रिकामी ठेवा.

आणि मित्रांनो, तुम्ही हे वाचताय, म्हणजे बऱ्याच वेळापासून कोणावर तरी बसलेले असणार. तिला बोलता येत नाही, म्हणून तिच्या वतीने मी सांगते. उठा.