माझी चरबी, तुमचे गुडघे

पाल म्हणून ओरडू नका. सांडा आहे मी, सरड्याच्या जातीचा. कच्छच्या पार टोकाला, जिथे रस्ता संपल्यावरही बराच वेळ चालावं लागतं, त्या अभयारण्यातला. हातभर लांब, मातकट, शेपटीवर काट्यांच्या कड्या. उन्हात अंग शेकायचं, गवताची पाती खायची, संध्याकाळी बिळात शिरून तोंड मातीने बुजवायचं, एवढंच माझं जगणं.

तुम्हाला ती जमीन ओसाड वाटते. पण आमच्या सोडलेल्या बिळांत साप गारव्याला येतात, किडे वाढतात. लग्गड ससाणा आपली पिल्लं आमच्यावरच पोसतो. माझ्या भावाला त्याने माझ्यासमोर उचललं. मला त्याचा राग आला नाही. त्याला भूक लागली होती.

तुमची भूक मात्र मला कधी कळली नाही.

एका दुपारी दोन माणसांनी बिळात पाणी ओतलं. गुदमरून बाहेर आलो, तसं एकाने मला धरलं आणि शेंग मोडावी तसा पाठीचा मणका मोडला. मारलं नाही. पळता येऊ नये, पण जिवंत राहावं, एवढंच त्यांना हवं होतं. मग गोणी, ट्रक आणि गोवंडीचा फुटपाथ. तिथे माणिक नावाचा विक्रेता आम्हाला चादरीवर मांडायचा. शेजारी स्टोव्ह, त्यावर आमची चरबी वितळवून तेल काढायची कढई. लोक वासाने नाकाला रुमाल लावायचे आणि तेलाची बाटली खिशात घालायचे.

विद्याधर तिथेच भेटला. कांदिवलीचा साहेब, दर हिवाळ्यात रणात पक्ष्यांचे फोटो काढायला जाणारा. टी-शर्टवर माळढोक, खाली 'वाळवंट वाचवा'. आईच्या गुडघ्यांसाठी त्याला बिनभेसळीचं तेल हवं होतं. 'घरी येऊन माझ्या डोळ्यांदेखत काढ,' असं त्याने माणिकला सांगितलं.

असा मी त्यांच्या ओट्यावर पोचलो. विद्याधरची मुलगी रश्मी त्याला सांगत होती की हा गुन्हा आहे. तो म्हणाला, एका सांड्याने काय रण रिकामं होतंय का?

तेवढ्यात त्याची आई, सुंदराबाई, भिंत धरत आली. मालवणची म्हातारी. फरफटणाऱ्या माझ्या मागच्या पायांकडे ती बघत राहिली.

"ह्येका मोडल्यान कोणी?"

माणिक म्हणाला, आजी, असेच आणतात.

"आणि ह्येची चरबी माझ्या पायाक?" ती मुलाला म्हणाली. "माझे गुडघे म्हातारपणान गेले रे. ह्येका मारून ते परत येतले?"

"आई, तुझ्यासाठीच करतोय ना."

"माझा नाव घेव नको."

रश्मीने वनखात्याला फोन लावला. माणिक कढई उचलून जिन्याने पसार झाला. आणि विद्याधरने जे केलं, त्याची किळस मला अजून येते. त्याने मला ओल्या कचऱ्याच्या पिशवीत टाकलं, वर गाठ मारली आणि लिफ्टकडे निघाला. खाली डब्यात टाकलं की झालं.

सुंदराबाई दारात पाय पसरून बसली. आईला ओलांडायची त्याची छाती झाली नाही. तिने पिशवी त्याच्या हातातून घेतली आणि मांडीवर ठेवून गाठ सोडली.

वनखात्याची माणसं आली तेव्हा तो म्हणाला की हा आम्हाला गेटपाशी सापडला.

"खोटा," सुंदराबाई म्हणाली. "ह्येनाच आणल्यान." पदर डोळ्यांना लावला, पण शब्द मागे घेतला नाही. माणसं विद्याधरला सोबत घेऊन गेली.

आता मी नाहूरजवळच्या एका उपचार केंद्रात आहे, दिव्याच्या उबेत. पाने देतात, जखमा पुसतात. डॉक्टर म्हणाले, हा चालणार नाही, रणात परत जाणार नाही.

काल एक गृहस्थ पंख मोडलेली घार घेऊन आला. तिच्यासाठी त्याचे डोळे भरून आले होते. जाताना तो माझ्या पिंजऱ्याशी थांबला, इकडेतिकडे बघितलं आणि डॉक्टरांना हळूच विचारलं, "याचं तेल खरंच लागू पडतं का हो?"

नाही पडत. आणि पडत असतं, तरी मागू नका.