ओल्या फडक्याचा आळ

मी विद्युतदर्शी. नाव भारदस्त आहे, अंगकाठी नाही. एक काचेची बरणी, तिच्या तोंडाला बूच, बुचातून खाली उतरलेली पितळी कांडी. कांडीच्या वरच्या टोकाला चकती आणि खालच्या टोकाला सोन्याच्या वर्खाची दोन पानं. सोनं म्हटलं की लोकांचे डोळे चमकतात, पण या सोन्यात नथीचा मणीसुद्धा होणार नाही. म्हसावदच्या अलीकडे एका गावच्या शाळेत, प्रयोगशाळेच्या दुसऱ्या कपाटात मी राहतो. राहतो कसला, पडून आहे.

माझं काम सोपं. घासून प्रभारित केलेली कांडी चकतीला लावली की तो प्रभार खाली उतरतो आणि दोन्ही पानांत वाटला जातो. दोघांना सारखाच प्रभार मिळतो, आणि सारख्या प्रभारांचं आपसात पटत नाही. ते एकमेकांना लोटतात, पानं फाकतात. धन आणि ऋण असते तर बिलगले असते. एवढंच सांगायला माझा जन्म झाला. तेही सांगायची संधी फारशी मिळाली नाही, कारण आमच्या शाळेत हा धडा दरवर्षी नेमका श्रावणात येतो.

श्रावणात इकडे हवा इतकी ओली असते की मीठ बरणीत पाझरतं. त्या हवेत प्रभार टिकत नाही. कांडी घासता घासताच निम्मा गळतो, उरलेला माझ्या दमट बुचावरून निसटतो. मुलं टक लावून बघतात, पानं ढिम्म हलत नाहीत. मग सर म्हणतात, "पुस्तकातली आकृती काढून घ्या." किती पिढ्यांनी माझी आकृती काढली! मला उघडलेलं मात्र कुणी पाहिलं नाही.

आता कमलबाईंविषयी बोलतो. त्या प्रयोगशाळेच्या परिचर. आल्या तेव्हा केस काळे होते. रोज सकाळी ओल्या फडक्याने आम्हा सगळ्यांना लख्ख पुसायच्या. खंडेनवमीला शिक्षक घरी आपापल्या गाड्या पूजत, कमलबाई आम्हाला पूजत. तराजूला, भिंगाला, चुंबकाला आणि माझ्या चकतीला ओलं हळदकुंकू लागायचं. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

वीस वर्षांपूर्वी श्रावणातच तपासणीला साहेब आले. चुडामण सर तेव्हा विज्ञान शिकवायचे. त्यांनी हौसेने मलाच टेबलावर मांडलं. कमलबाईंनी तासाआधी मला बुचासकट ओल्या फडक्याने चकचकीत केलं होतं. सरांनी कांडी घासली, लावली, पुन्हा घासली, घाम पुसला. माझी पानं मेल्यासारखी लोंबत राहिली. साहेब हसले. चुडामण सरांना ते झोंबलं आणि त्यांनी सगळ्यांदेखत खापर फोडलं, "या बाईने पुसून पुसून मोडून टाकलं!" त्याच दिवशी शाळेच्या सामानाची नोंद असते त्या डेडस्टॉक रजिस्टरात माझ्या नावापुढे ओळ पडली : परिचर कमलबाई यांच्या हातून निकामी.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसं. गुन्हेगार होती हवा. मला ठाऊक होतं, पण मला तोंड कुठे आहे?

तेव्हापासून कमलबाईंनी मला हात लावला नाही. कपाट पुसताना फडका माझ्याभोवतीने फिरायचा. खंडेनवमीला सगळ्यांना कुंकू, माझ्यापुढे लांबूनच एक झेंडूचं फूल. वीस वर्षं ही अस्पृश्यता सोसली मी. धुळीचं काही वाटलं नाही, त्या फुलाचं वाटायचं. खरंच थकलो होतो. भंगारात गेलो असतो तर सुटलो असतो.

या जानेवारीत तेही जवळ आलं. जुन्या वस्तूंची यादी निघाली, आणि महिनाअखेरीला कमलबाईही निवृत्त होणार होत्या. यादी करायला शिखा मॅडम बसल्या. शहाद्याच्या कापडवाल्या रतनलाल शेठजींची ही नात, दोन वर्षांपूर्वी इथे शिक्षिका म्हणून लागली. कमलबाई दाराशी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मॅडम, हाई भंगारमा जाई, पन मन्हं नाव तठेच राही ना? मी जासु, नाव राही. तेवढी वळ काढता येई का?"

शिखा मॅडमनी ओळ वाचली. मग मला उचलून व्हरांड्यात उन्हात ठेवलं, तासभर. सातपुड्याकडून कोरडा गार वारा सुटला होता. माझ्या बुचातली वर्षानुवर्षांची ओल हळूहळू उडाली. कोरड्या कापसाने त्यांनी मला पुसलं. काचकांडीसोबतचा रेशमी रुमाल त्या वापरत नाहीत; रेशमासाठी किडे मारतात, म्हणून जैन घरचा नेम. त्यांनी शेतातल्या ठिबक सिंचनाच्या प्लास्टिक नळीचा एक तुकडा घेतला आणि म्हणाल्या, "मावशी, तुमच्या स्वेटरवर घासते हं."

नळी स्वेटरवर घासली आणि माझ्याजवळ आणली. अजून टेकलीसुद्धा नव्हती, तोच माझी पानं हलली! हेडसर जिन्यात असतानाच सातवीचा वर्ग गप्प होतो, तसंच हे. प्रभाराचा धाक त्याच्या भोवती पसरलेला असतो, त्याला क्षेत्र म्हणतात. नळी जवळ येईल तसा जोर वाढत गेला. मग ती चकतीला टेकली, घासत फिरली, दूर झाली. पानं फाकलेलीच राहिली.

"माय वं!" कमलबाईंनी तोंडावर हात ठेवला. "उघडनं!"

"आता बोट लावा."

"नका सांगा, मॅडम. मन्हा हात लागना का मोडस ते."

"लावा तर खरं."

वीस वर्षांनी ते बोट माझ्या चकतीवर टेकलं. खरखरीत, गार. आणि माझी पानं पटकन मिटली. काय करू, निसर्गाचा नियमच तसा आहे. बोटातून, अंगातून, अनवाणी पायांतून माझा सगळा प्रभार जमिनीत उतरला. कमलबाईंनी बोट झटकन मागे घेतलं. "परत मोडनं! मी सांगं ना तुमले!"

शिखा मॅडमनी नळी त्यांच्या हातात दिली. "मोडेल नही शे, मावशी. आता तुम्ही घासा."

कमलबाईंनी आपल्याच स्वेटरवर नळी घासली, रागाने घासावी तशी. लावली. पानं टरारून उघडली. पुन्हा बोट, मिटली. पुन्हा नळी, उघडली. पाच वेळा केलं त्यांनी, आणि पाचव्यांदा रडू फुटलं.

"मंग तवय काय व्हयनं व्हतं?"

"ओल होती," शिखा मॅडम म्हणाल्या. "हवेत होती, तुमच्या फडक्यातही होती. पण ओल म्हणजे मोडणं नाही."

त्यांनी रजिस्टरातली ओळ लाल शाईने खोडली आणि खाली लिहिलं : चालू स्थितीत. समोर कमलबाईंची सही घेतली. सही करायला त्यांना बराच वेळ लागला.

निरोपाच्या दिवशी भाषणं झाली, नारळ झाला. जाण्याआधी कमलबाई एकट्या कपाटापाशी आल्या. नळी घासून मला लावली आणि गेल्या. त्यांचा प्रभार माझ्यात राहिला. फाटकाबाहेर चपलांचा आवाज विरला, शाळा सुटली, तरी माझी पानं किंचित उघडी होती.

म्हणजे मी भंगारात गेलो नाही. पुन्हा काम आलं नशिबी, आणि थकवा आहे तिथेच आहे. विनवणी एवढीच : मला श्रावणात बाहेर काढू नका, माघात काढा. आणि काढलंत, पानं हलली नाहीत, तर कुणाच्या हाताला दोष देण्याआधी मला तासभर उन्हात ठेवून बघा.