तिबिलिसीचा रविवारचा फोन

"आबा, फोन वाजी ऱ्हायना," घरकामाला येणाऱ्या रुपलीनं स्वयंपाकघरातून हाक दिली.

लालचंदशेठना ऐकू येत होतं. फोन त्यांच्या शेजारीच सोफ्यावर थरथरत होता. पण तो त्यांच्या बायकोचा, प्रेमकुंवरचा होता, आणि प्रेमकुंवर जाऊन महिना होत आला होता. पडद्यावर एक चेहरा: गोबरे गाल, पांढरे केस, डोक्याला रुमाल. फोन वाजून वाजून थांबला. शेठ पुन्हा पंख्याकडे बघू लागले. महिनाभर हेच चाललं होतं. रडू येत नव्हतं. अमळनेरच्या सरकी-ढेपेच्या दुकानात ते नेमानं जाऊन बसायचे, गिऱ्हाईक बोललेलं कानावर पडायचं, आत मात्र काही उतरायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी मुलानं, जिनेशनं, दोघांना जळगावच्या एका टूरबरोबर जॉर्जियाला धाडलं होतं. सोबत स्वयंपाकाला मारवाडी महाराज, पापड, खाखरे, सगळा लवाजमा. शेठनी तो देश पाहिला बसच्या काचेतून. बाकी जीव एकाच गोष्टीत अडकलेला, सूर्य मावळायच्या आत जेवण मिळतंय की नाही. परक्या माणसांशी बोलायचं तरी काय, असं त्यांना वाटे. दुकानात हेच गृहस्थ दगडालाही बोलतं करत, ती गोष्ट वेगळी.

उजेडात जेवणं उरकली की मंडळी आपापल्या खोल्यांत शिरत. प्रेमकुंवर तेवढी खाली उतरून तिबिलिसीतल्या त्या हॉटेलशेजारच्या बाकावर जाऊन बसे. तिथं ही फोनवरची रुमालवाली बाई लोकरीचं विणत असायची. पहिल्या दिवशी प्रेमकुंवरनं तिला खाखरा दिला. दुसऱ्या दिवशी ती अक्रोड घेऊन आली. तिसऱ्या दिवशी प्रेमकुंवर तिच्या घरीच जाऊन आली, आणि तिची सून, तिचे गुडघे, सगळी खबर घेऊन परतली.

"कुठल्या भाषेत बोललीस गं?" शेठनी विचारलं.

"मी माझ्या, ती तिच्या."

"आणि कुणी पळवून नेलं असतं म्हणजे?"

"मला नेऊन काय करतील? पापड लाटायला बसवतील."

घरी आल्यावर शेठचे ढीगभर फोटो मोबाइलमध्ये पडून राहिले. कुठला किल्ला कुठला, ते त्यांनाच सांगता येईना. प्रेमकुंवरला मात्र दर रविवारी तिबिलिसीहून फोन यायचा. इकडून ही वांगी दाखवायची, तिकडून ती मोजे. दोघी हसून हसून बेजार व्हायच्या आणि शेठ टीव्हीचा आवाज वाढवायचे.

फोन पुन्हा वाजू लागला. रुपली हात पुसत दारात आली.

"उचला ना, आबा. ती बाई वाट दखी ऱ्हायनी व्हई."

"उचलून सांगू काय? मला तिची भाषा येते का?"

"अक्काले तरी कोठे येत व्हती?"

शेठनी फोन उचलला. बाई आनंदानं काहीतरी ओरडली, मग त्यांच्या खांद्यामागं डोकावून शोधू लागली. शेठना एकच उपाय सुचला. त्यांनी फोन भिंतीकडे फिरवला. तिथं चंदनाचा हार घातलेला प्रेमकुंवरचा फोटो होता. आपल्याकडे शेंबडं पोरसुद्धा समजलं असतं.

बाईनं टाळ्या पिटल्या. मैत्रिणीचा सत्कारच झाला, असं तिला वाटलं असावं. तिनं घरातल्या कुणाला तरी हाका मारल्या आणि फोटोकडे बघून बोटांनी मुके पाठवले.

ठेवून द्यावा फोन, शेठना वाटलं. निदान त्या एका घरात तरी ती जिवंत राहील. अंगठा लाल बटणापर्यंत गेला. पण पुढच्या रविवारी ही पुन्हा फोन करणार, त्याच्या पुढच्या रविवारीही करणार, मोजे हातात घेऊन बसणार.

त्यांनी फोन रुपलीच्या हातात दिला. उभ्या जन्मात कुणापुढं हातवारे न केलेला तो माणूस दिवाणखान्यात उभा राहिला. फोटोकडे बोट केलं. डोळे मिटले, दोन्ही हात छातीवर ठेवले आणि तसाच राहिला. मग बोट वर केलं.

टाळ्या थांबल्या. बाईनं डोक्यावरचा रुमाल ओढून तोंडात कोंबला, तरी हुंदका बाहेर पडलाच. ती मोठमोठ्यानं रडली. या घरात महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी पुण्यवान जीव होता, सुटली बिचारी, असंच म्हटलं होतं. असं कुणी रडलं नव्हतं. शेठ खाली बसले आणि ते रडणं ऐकत राहिले.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले. शेठकडे बोट दाखवलं, मग पाच बोटं जुळवून ओठांपाशी नेली आणि भुवया उंचावल्या. जेवलात का?

जिनेश रोज पुण्याहून हेच विचारायचा, आणि शेठ रोज हो म्हणायचे.

शेठनी मान हलवली. नाही.

रुपलीनं फोन शेठसमोर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला आणि ताट वाढायला आत गेली.