बोडक्या टेकडीवरचा खुंटा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी खुंटा आहे. घाटकोपरच्या टेकडीवर मला एक शेळी बांधलेली असते. लोखंड कशाला घाबरतंय, असं तुम्हाला वाटेल. मी घाबरतो. पाऊस आला की फारच घाबरतो.

माझा जन्म गिरणीतला. मागाचा मोडका दांडा म्हणून भंगारात पडलो होतो, तिथून लवूने मला उचललं. संपात त्याची गिरणीतली नोकरी सुटली, तेव्हा बायको वनमाला आणि लहानगी लेक शुभा यांना घेऊन तो या टेकडीच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोलीत आला. दुधासाठी काबरी नावाची शेळी पाळली. लोहाराकडून मला टोक काढून आणलं आणि खोलीच्या वरच्या उतारावर घण घालून गळ्यापर्यंत ठोकलं. तेव्हा काय रुबाब होता माझा! चहूकडे गुडघाभर गवत. त्याच्या मुळांनी मला असं घट्ट धरलं होतं की काबरीने कितीही हिसके दिले तरी मी हलत नसे. "खुंटा असावा तर असा," वनमाला म्हणायची, आणि मी फुगून जायचो.

तेव्हा काबरी माझ्याकडे फक्त धार काढण्यापुरती यायची. एरवी सगळ्यांच्या शेळ्या टेकडीभर हिंडत. आज इथे, उद्या तिथे. मागे गवत पुन्हा वाढे. मग एका बाजूला इमारतीची भिंत आली, वर तारेचं कुंपण आलं. उरलेल्या पट्ट्यात प्रत्येकाने आपला खुंटा ठोकला. तिथे एक रीतच पडली: ज्याचा खुंटा, त्याची जागा. खुंटा उपटला की तिथे दुसऱ्याची झोपडी उभी राहिलीच म्हणून समजा. त्यामुळे मला कुणी हलवेना.

काबरी दिवसभर दोराच्या टोकापर्यंत गोल फिरायची. कोंब दिसला की खायची. कोंब संपले तेव्हा खुरांनी उकरून मुळं खाऊ लागली. माझ्याभोवती टक्कल पडलं. शेजारच्या खुंट्यांभोवतीही पडलं. खुंटे वाढले तशी ती टकलं एकमेकांना भिडली. उन्हाळ्यात धूळ उडे, पावसात माती वाहून जाई. गळ्यापर्यंत पुरलेला मी छातीपर्यंत उघडा पडलो, मग कमरेपर्यंत. ओरडून सांगावंसं वाटे. पण खुंट्याला तोंड कुठलं?

शेजारचे सीतारामभाऊ म्हणाले, "बकऱ्यांनी डोंगराची वाट लावली रे. देऊन टाक खाटकाला."

लवूने मान डोलावली. चोर सोडून संन्याशाला फाशी! वनमाला भडकली. "तिचो काय दोष? दोर पोचत नाय थंय बघ, गवत कसा हिरवागार आसा. खुंटो हलव आधी."

"आणि जागा गेली म्हणजे? उद्या खोली वाढवूची झाली तर खंय वाढवू?"

मी तिथेच राहिलो.

श्रावणातल्या एका दुपारी पाऊस कोसळत होता. लवू कामाला, वनमाला नळावर गेली होती. खाली पत्र्याखाली शुभा एकटी झोपली होती. पाणी माझ्या टोकापर्यंत शिरलं. मी मुळं शोधली. एकही नव्हतं! भीतीने मी गार पडलो. काबरीलाही काहीतरी कळलं असावं. ती केविलवाणी ओरडत हिसके देऊ लागली, आणि घणाने ठोकलेला मी एका हिसक्यात उपटून आलो. ती उतारावरून धावत सुटली. मागे दोराला फरफटत मी खोलीच्या पत्र्याच्या दारावर दाणकन आदळलो.

दार उघडलं. "अगो काबरे, थांब!" म्हणत शुभा आमच्या मागे भर पावसात धावली.

तेवढ्यात मागे मोठा आवाज झाला. उतार खाली आला होता. जी जागा जाऊ नये म्हणून मला हलवलं नाही, ती जागाच खोलीत येऊन बसली होती. शुभा निजली होती तिथे चिखल आणि दगड होते. वनमाला हंडा टाकून धावत आली आणि पोरीला पोटाशी धरून हमसून हमसून रडली. संध्याकाळी लवूने मला चिखलातून उचललं.

आता तो मला रोज नव्या जागी ठोकतो. त्याचं बघून सीतारामभाऊंनीही आपला खुंटा उपटला. वनमालाने कुंपणाकडचे गवताचे ठोंब आणून उतारावर लावलेत. ते अजून विरळच आहेत.

मित्रांनो, शेळीला बोल लावू नका. तिला दोराएवढंच जग दिलंत, तर ती तेवढंच खाणार, अगदी मुळापर्यंत. तेव्हा वेळेवर खुंटा हलवा. मी अजूनही घाबरतो. घणाचा घाव बसला की आधी खाली मुळं चाचपतो. लागली तर गप्प राहतो. टेकडीवरून कधी खणखण ऐकू आली, तर समजा की मला ती लागली नाहीत.